विमलचं प्रकरण

१३ जुलै, रविवार
आजपासून शालिकदादांचं काम सुरू. ते बोलणार, मी फोनवर रेकॉर्ड करणार आणि घरी येऊन लिहून काढणार. धुळ्याच्या प्रकाशकाला दिवाळीआधी आत्मचरित्र हवंय. मी सुरतेत लिंबायतच्या शाळेत मराठी शिकवते, म्हणून मला बोलावलं. पुस्तक खपायला हरकत नाही. त्यांच्या अहिराणी गाण्याशिवाय आमच्याकडे हळद लागत नाही.
दादा म्हणाले, "बेन, मी काही लपवणार नाही. सगळं लिहा." आणि खरंच सांगितलं. कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर असताना पगार दारूत जायचा. बायकोवर, कमलवहिनींवर, हात उचलला, तेही. वहिनी तिथेच चहाचे कप गोळा करत होती. मान वर केली नाही.

२० जुलै, रविवार
आज त्या गाजलेल्या गाण्याची चाल कशी सुचली ते झालं. लूमच्या खडखडाटात, एकट्याला सुचली. गाऊन दाखवलं. एक ओळ म्हणायचे, थांबायचे, मग पुढची. वयामुळे दम लागत असेल.
घरी येऊन ऐकलं. ते थांबतात तिथे एक बाई गातेय. फार बारीक, पण ओळीला बरोबर उत्तर देतेय. खोलीत तर आम्ही दोघंच होतो! आमच्या यांना ऐकवलं. म्हणाले, शेजारचा टीव्ही. टीव्ही दादांच्या सुरात कसा गाईल? परत ऐकायचं धाडस झालं नाही. कणीक मळत बसले.

२७ जुलै, रविवार
जोडीला कुणी गायचं का, असं सहज विचारलं. दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "होती एक. विमल. वारली." लगेच पुढे, पहिली कॅसेट, पहिला सत्कार.
शाळेच्या कपाटातली गायक-वादकांची आत्मचरित्रं एकेकाळी सगळी वाचून काढली होती. दारू कबूल करतात, बाया कबूल करतात, गुरूचा मार तर हौसेने सांगतात. वाचणाऱ्याला वाटतं, काय प्रामाणिक माणूस. पण चाल दुसऱ्या कुणाची होती, हे कबूल केलेलं एकातही वाचल्याचं आठवत नाही.

३ ऑगस्ट
आमची खानदेशातली देवी, कानबाई, बसली. गल्लीतल्या बायका दादांच्या ओट्यावर रात्रभर गाणार. मी लवकर घरी परतले. कमलवहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या. सगळ्या गात होत्या, त्यांचे फक्त ओठ हलत होते. कौतुकाने एकजण मला म्हणाली, एवढ्या मोठ्या गायकाची बायको, पण गळा देवाने दिलाच नाही. वहिनी हसल्या.

१० ऑगस्ट, रविवार
कोसाडला गेले. दादांचे जुने ढोलकीवाले रामदासअण्णा तिथे राहतात. हात थरथरतात आता. विमलचं विचारलं. म्हणाले, चाली सगळ्या तिच्याच. दादांना शब्द जमायचे, सूर ती लावायची. दोघं ओळ वाटून घ्यायचे, एक त्याची, एक तिची.
ती कशी वारली, विचारलं. अण्णा हळूच म्हणाले, "तुले तठे चहा कोन देस?"
मी म्हटलं, कमलवहिनी.
"तीच ती."
लग्नात नाव बदललं. गाणारी सून नको, असं दादांच्या आईने सांगितलं होतं. लोक विमलला विचारायचे. दादा आधी म्हणायचे, गाणं सोडलं. मग म्हणायला लागले, गेली. सुरतेत ते जुने लोक फारसे उरले नाहीत. अण्णाही गप्प राहिले, का ते सांगेनात.
रिक्षात बसल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. टेपमध्ये भूत नाही, स्वयंपाकघरात बाई आहे. पण उलट जास्तच…

१७ ऑगस्ट, रविवार
दादा म्हणाले, विमलबद्दल विचारलंत ना, आज सांगतो. आणि तिचं मरण सांगितलं. ताप, सिव्हिलची खाट, शेवटी पाणी मागितलं ते. तापीच्या काठावर पाऊस असल्याने लाकडं पेटेनात ते. तिची हिरवी बांगडी राखेत सापडली ते. सांगताना रडले. खोटं रडणं मी वर्गात रोज बघते. हे तसलं नव्हतं.
कमलवहिनी दारात उभ्या होत्या. वाळलेले कपडे हातात तसेच. शेवटपर्यंत ऐकलं.
न राहवून मी म्हटलं, "दादा, आणि या?"
त्यांनी वहिनींकडे बघितलं. नजर जराही हलली नाही. "ही कमल. हिला विमलच्या मागून आणली."

२४ ऑगस्ट, रविवार
दादा सत्काराला नंदुरबारला. वहिनी एकट्या होत्या. मी म्हटलं, मला माहीत आहे. तुम्ही म्हणा, मी खरं लिहिते. चाली तुमच्या, नाव तुमचं.
त्यांनी कुकरची शिटी होऊ दिली, गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "मी काय सांगू? ती मरनी तवय मी कुठे होते?" मला वाटलं, टोमणा. पण त्या खरंच आठवत होत्या.
मग मला ते प्रकरण वाचून दाखवायला सांगितलं. दोनदा वाचलं. पावसात लाकडं पेटत नाहीत तिथे पदर डोळ्याला लावला. "पोरगी चांगली होती," म्हणाल्या.

३१ ऑगस्ट, रविवार
भिंतीवर नवी फ्रेम. विमलचा फोटो, दोन वेण्या, समोर माईक. पुस्तकात छापायचा म्हणून दादांनी मोठा करून आणलाय. वर हार. हार रोज वहिनी बदलतात.
त्या फोटोखाली उभ्या राहिल्या तेव्हा बघितलं. तीच हनुवटी. तोच गालावरचा तीळ. माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही की काय? दुपारी दोन शेजारणी आल्या, फोटोला हात जोडून गेल्या.
यांना सांगितलं. म्हणाले, तुला काय करायचंय, त्यांचं पुस्तक, त्यांची बायको. करारावर सह्या त्यांच्या, बरोबर. पण वाक्यं मी लिहिलीत. "तिने माझ्या मांडीवर डोळे मिटले." हे माझं वाक्य.

९ सप्टेंबर, मंगळवार
पितृपक्ष, आमचे पित्तर, सुरू. प्रकाशकाचा दोनदा फोन, फाईल पाठवा. दोन फाईली तयार आहेत. एकीत विमल मरते. दुसरीत तिचं लग्न होतं.
संध्याकाळी वहिनी स्वतः घरी आल्या, पहिल्यांदाच. पाणीही घेतलं नाही. मला वाटलं, आता सांगतील, खरं लिही. दार लोटून खुर्चीच्या काठावर बसल्या.
"दादांनी तिथी नही सांगी," म्हणाल्या. "तू पुस्तकात लिहिली का? विमलचं पान कोणत्या दिवशी वाढू?"
त्या वाट बघत बसल्या आहेत. अजून बाहेरच्या खोलीत आहेत. मी पेन शोधायच्या निमित्ताने आत येऊन हे लिहितेय.