दोन कचेऱ्यांतली सुचेताअक्का

के. आर. पुरम, बेंगळूरु

प्रिय अक्का,

फोन केला असता, पण तू उचलताच 'जेवलास का रे?' विचारतेस आणि माझं धाडस तिथेच संपतं. म्हणून हे पत्र.

आप्पांच्या दोन एकरांचं सांगतो. तहसीलदार म्हणतात, पहाणीत, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यात, नाव चढवणं आमचं काम, मालक कोण ते सिव्हिल कोर्टाला विचारा. सिव्हिल कोर्ट म्हणतं, आधी पहाणी दाखवा. या दोन दारांमध्ये मी आठ वर्षं उभा आहे; देवळाबाहेरच्या चपलांनाही याहून लवकर मालक सापडतो. आपला चुलतभाऊ गिरीराज मात्र खुशीत आहे. परवा कोर्टाच्या पायऱ्यांवर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय विठोजीअण्णा, अक्का बऱ्या आहेत ना? जपा हं त्यांना." तेव्हापासून दाराची बेल वाजली तरी आधी खिडकीतून बघतो.

भावजींच्या आजारपणात तू हुबळीच्या दवाखान्यात होतीस ना, त्याच आठवड्यात तहसील कचेरीनं वंशवृक्ष मागितला होता. आप्पांचे वारस कोण, जिवंत किती. मुलगी असेल तर तिनं समोर येऊन सही करायची. एजंट महांतेश म्हणाला, "अक्का येईपर्यंत फाईल झोपेल, अण्णा. स्वल्प अ‍ॅडजस्ट करू." मी 'सरी, चालेल' म्हणालो. तुला बोलावलं तर वाटा द्यावा लागेल, हेही मनात होतं. आता लपवून काय करू? पुढे गिरीराजनं हरकत घेतली, प्रकरण सिव्हिलला गेलं, आणि तिथले आपले वकील म्हणाले, बहिणीशिवाय वाटणीचा दावा टिकत नाही. लगेच मला बहीण आठवली. वकालतनामा धाडला. कशाला, हेही न विचारता तू सही करून पाठवलास.

गिरीराजनं आता तहसीलच्या फाईलची नक्कल काढली आहे. त्या वंशवृक्षात तुझ्या नावापुढे लिहिलंय, 'मयत, निस्संतान'. खाली माझी शपथ, माझी सही. दुसरा शब्द खरा होता, म्हणून पहिला खपून गेला. मंगळवारी उलटतपासणीत गिरीराजचे वकील तो कागद तुझ्या हातात देणार आहेत. आपले वकील म्हणतात, 'भावाला यातलं काही माहीत नव्हतं' एवढं अक्कांना म्हणायला सांगा. तसं म्हणू नकोस. बघ, हे लिहितानाही पेन अडतं. तुरुंगाची भीती वाटते गं. पण तो कागद वाचून तू मान वर करशील, तेव्हा मी कुठे बघायचं, तेवढं कळव.

तुझाच, तू म्हणू देशील तोवर तुला अक्का म्हणणारा,
विठोजी