गप्प न बसणारी लेझीम

२ मार्च
बायकोने, शोभाने, बळजबरीने क्लासला नेलं. इथेच, घाटकोपरात, एका सोसायटीच्या हॉलमध्ये. दारावर बोर्ड: 'माइंडफुल डान्स, सर्व क्षमतांसाठी'. आत लेमनग्रासचा वास, त्याखाली पायमोज्यांचा. तन्वी मॅडम, वय फार तर तीस. मला म्हणे, "काका, श्वासाकडे नुसतं बघा." अगं बाई, चाळीस वर्षं विहारात तेच करतोय. स्वतः मात्र सगळा वेळ आरशात बघत होती.
शेवटी प्रत्येकाने स्वतःला मिठी मारायची. शी. मारली नाही.

५ मार्च
डॉक्टर जे म्हणाले ते एकदाच लिहितो. कंपवात. पुढे नुसतं कं. उजवा हात. याच हाताने छत्तीस वर्षं ऑफिसात नकाशे काढले. आता वहीतलं अक्षर मुंगीएवढं होत चाललंय. सकाळी उशी लाळेने ओली. स्वतःचीच किळस आली. शो.ने अभ्रा बदलला, त्याने जास्त.
तिच्याशिवाय कुणाला कळता कामा नये.

११ मार्च
हात वर केला, टाळ्या. वाकलो, टाळ्या. लहान मूल शी-शू करतं तेव्हा वाजवतात तशा. क्लासमधल्या कुंदाताईंना दिसत नाही. त्यांना मॅडम म्हणाली, "वॉव, किती इन्स्पायरिंग!" कुंदाताई म्हणाल्या, "गो बाय, माका डोळे नाय, पाय असत." मॅडमला मालवणी कळलं नाही. तिने पुन्हा टाळ्या वाजवल्या.
त्या हॉलमध्ये पहिल्यांदा हसलो.

१९ मार्च
चहाच्या टपरीवर जयंती मंडळाचा बबन होता. माझा कप हिंदकळला. तो हाताकडे बघत राहिला. निघालो तर मागून कुणीतरी, "म्हातारपणी लागली वाटतं." हसले सगळे.
मला! वस्तीत दारूचं दुकान नको म्हणून घरोघर फिरून सह्या घेतल्या त्या मी! आयुष्यात थेंब घेतला नाही.
जेवलो नाही. तसंही अर्धं वरण सदऱ्यावरच जातं.

२७ मार्च
मॅडमने कुठून तरी लेझिमी आणल्या. "फोक व्हाइब," म्हणे. वीट आला. आणि धरायची कशी ते मला दाखवायला आली! जयंतीच्या मिरवणुकीत पहिली रांग, डावीकडून पहिला मी, कॉलेजात होतो तेव्हापासून. धरली, खेळलो. खेळताना हात एकदाही थरथरला नाही. डॉ. म्हणालेच होते, हात स्वस्थ असला की कं. जास्त.
मग मॅडम: "आता एक मिनिट पूर्ण मौन. डोळे बंद."
सगळा हॉल गप्प. आणि माझी लेझीम वाजतेय, छन् छन् छन्. दुसऱ्या हाताने दाबली, तरी वाजतेय. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम कानाशी येऊन, "काका, खाली ठेवता का?"
तेवढ्यात कुंदाताई: "कोण वाजवता रे? थांबू नको. तालात वाजता."
ठेवली खाली.

४ एप्रिल
दोन वेळा क्लास बुडवला. शो. भडकली. "नाचायची लाज, थरथरायची लाज. मग करणार काय तुम्ही?" दुपारी माळ्यावरून माझी जुनी लेझीम काढली. साखळी गंजलीय. खोबरेल लावून ठेवलं.

१० एप्रिल
बबन आला. चपला न काढता दारातच उभा.
"काका, यंदा तुम्ही स्टेजवर पाहुण्यांबरोबर बसा ना. पहिली रांग पोरांना देऊ."
"का?"
"लोक बोलतात यार, काका. घेतलेली असते म्हणून."
शो. आतून तरातरा आली. तोंड उघडणार, तोच मी हाताने थांबवली. नेमका तोच हात. बबन पुन्हा त्याच्याकडे बघत राहिला. चार अक्षरांचा शब्द, ओठांवर आला होता. गिळला. लोकांनी कीव करण्यापेक्षा दारुडा म्हटलेलं बरं, असं वाटून गेलं मला. मला!
थू माझ्यावर.

१३ एप्रिल
सकाळी विहारात वंदना. उद्याच्या मिरवणुकीच्या लेझिमी सगळ्यांनी मागे सतरंजीवर ठेवायच्या होत्या. मी माझी ठेवली नाही. मांडीवर घेऊन बसलो. पहिल्या शीलापासूनच वाजायला लागली. माना वळल्या. दाबली नाही. पाचवं शील, दारू न पिण्याचं, मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. लेझीम वाजतच होती. पुढे बसलेल्या बबनने वळून बघितलं, मग खाली बघितलं.
बाहेर चपला घालताना जवळ आला. "काका, काय झालंय तुम्हाला?"
"उद्या रांगेत सांगतो."
म्हणालो खरं. शो.ने पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावलाय. सगळ्यांदेखत तोंडातून निघेल का, माहीत नाही. आत्ता लिहून बघितलं. कंपवात. पूर्ण, मोठ्या अक्षरात, नकाशावर गावाचं नाव घालायचो तसं.