पपईच्या सुनावणीत मी काय बोललो

कापोहो, हवाई
१९ डिसेंबर

आदरणीय ग्लॅडिसताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे वॉलेसचा, कंबर वाकेल तितका वाकून नमस्कार. (हल्ली ती फार वाकत नाही, तेव्हा उरलेला नमस्कार मनातल्या मनात समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींची साखर आटोक्यात आहे ना, की लास व्हेगासच्या त्या बुफेत अजून रोज दुपारी ताट घेऊन उभे असतात? इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे चालते-फिरते आहोत. एलेनची पाठ धरलेली आहे, जीभ मात्र ठणठणीत आहे. मला दोन महिने झाले, सकाळी उठलो की आदल्या दिवशीचा थकवा उशाशी बसलेला दिसतो. डॉक्टर म्हणाला, वय झालं. मी म्हटलं, वयाचं मला माहीत होतं, दुसरं काही असेल तर सांगा. त्याने दुसरा पेशंट आत बोलावला.

तुझा रविवारचा फोन आला तेव्हा मी पपया धूत होतो. "वॉलेस, तू फुटलास म्हणे?" एवढंच विचारलंस, मी ओल्या हाताने फोन सावरेपर्यंत ठेवूनही दिलास. रूफिनोच्या चुलतबहिणीने तुला तिकडे दुकानात गाठून सगळं सांगितलं, हे मला इथे दुसऱ्याच दिवशी कळलं. तेव्हा आता माझी बाजू ऐक. फोनवर मला नीट बोलता येत नाही (समोरासमोरही येत नाही, ते पुढे येईलच), म्हणून लिहितो आहे. चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट, मी फुटलेलो नाही. दुसरी गोष्ट, मला त्या सुनावणीला जायचंच नव्हतं. रूफिनो पास्कुआ आता आमच्या पपईवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष झालाय, हे तुला माहीत आहे. तो एका सकाळी थेट स्वयंपाकघरात आला, चपला न काढता, त्यावरूनच एलेनने ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. कौन्सिलपुढे ठराव येतोय म्हणाला, जीन बदललेलं कुठलंच पीक या बेटावर लावायचं नाही, आपली पपईसुद्धा नाही, आणि तू तिथे जाऊन बोलायचंस. मी म्हटलं, तू बोल की, तुला आवडतं. तर म्हणतो, "माझं कोण ऐकतंय? मला सगळे ओळखतात. तुझं तोंड बघ, दमलेलं, भोळं. आपल्याला असंच तोंड पाहिजे आहे." ताई, चौसष्ट वर्षांत माझ्या तोंडाचं कौतुक झालं ते हे एवढंच.

संघाने भाषण टाईप करून दिलं, बरोबर तीन मिनिटांचं. त्यात असे शब्द होते की त्यातला एक म्हणताना माझी कवळी हलायची. एलेन शेगडीपाशी उभी राहून माझा सराव घ्यायची, भातही बघायची आणि घड्याळही. तिसऱ्या दिवशी मी एका वाक्यापाशी आलो: आमच्या झाडांचे परागकण शेजारच्या शेतात जातात ही निव्वळ अफवा आहे. एलेनने भाताचं झाकण खाली ठेवलं. "आणि रोवेना?" एवढंच म्हणाली.

रोवेना तुला माहीत नाही. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ऑरेगनहून आली, रूफिनोच्या विरुद्ध बाजूला, आमच्या बांधाला लागून तिचं चार एकर आहे. औषध मारत नाही, खत विकत आणत नाही, कोंबड्यांशी इंग्रजीत आणि झाडांशी कुठल्या भाषेत बोलते ते आम्हाला अजून कळलेलं नाही. पण मला 'अंकल' म्हणते, आणि तीन वर्षांपूर्वी मी शिडीवरून पडलो तेव्हा हिच्याच गाडीतून हिलोच्या इस्पितळात गेलो, मागच्या सीटवर एक बकरी माझ्या मांडीवर डोकं टेकून. ती जुनी पपई लावते, जीन न बदललेली, आणि घरचंच बी धरते. सुनावणीच्या दोन आठवडे आधी ती एक कागद घेऊन आली. तिने वीस झाडांची पानं तपासायला पाठवली होती, त्यांतल्या सात झाडांत आमचं जीन निघालं. आरडाओरडा नाही, काही नाही. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "अंकल, मी मागितलं नव्हतं हो."

आता तूच सांग, यावर माणसाने काय बोलायचं? तिच्या झाडाला फळ धरलं, गर सगळा तिच्याच झाडाचा, पण आत काही बियांचा बाप आमच्या शेतातला. (एलेन म्हणाली, "म्हणजे सोयरीकच झाली म्हणायची." कुणी हसलं नाही.) बरं, दुसरी बाजूही आहे. आजूबाजूला आम्ही सगळ्यांनी रोगाला न जुमानणारी झाडं लावली म्हणून इकडचा रोग कमी झाला, आणि म्हणूनच तिची जुनी पपई तग धरून आहे. तिची झाडं जगतात ती माझ्यामुळे आणि बिघडतात तीही माझ्यामुळेच. हे तिलाही ठाऊक आहे. मग तिने कागदाशेजारी दोन अंडी ठेवली आणि ती गेली.

सुनावणीच्या दिवशी हिलोत ही गर्दी. दारात दोन टेबलं होती, एका टेबलावर हिरवा कागद, दुसऱ्यावर पिवळा. एका रांगेत बारा माणसं, एकीत चार. माझी कंबर तुला माहीत आहे. मी चारांच्या रांगेत उभा राहिलो, नाव लिहिलं, आणि त्यांनी दाखवलं तिकडे, डाव्या बाजूला पंख्याखाली जाऊन बसलो. शेजारी रोवेना. तिने माझा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अंकल, तुम्ही इकडे?" मी म्हटलं, हो, इकडे वारा बरा आहे.

नऊपासून चारपर्यंत बसलो, ताई. एक तरुण पोरगा पपईच्या वेषात आला होता, पोटातून आरपार हातभर लांब इंजेक्शनची सुई. त्या सुईमुळे त्याला बसता येईना, म्हणून दुपारपर्यंत माझ्याच डोक्याशी उभा. दया येऊन मी त्याला माझ्या डब्यातला अर्धा स्पॅम मुसुबी दिला, भाताच्या वडीवर ते डबाबंद मांस. अन्नात काय असतं हे आपल्याला सांगत नाहीत, यावर तो दहा मिनिटं बोलला आणि भातावरचा तो गुलाबी तुकडा कसला आहे हे न विचारता खाऊन टाकला. मग एक शास्त्रज्ञ बाई आल्या, त्यांनी पडद्यावर दाखवलं की रोगाचाच एक बारीक तुकडा झाडात घालतात, लस टोचल्यासारखा, आणि तो तुकडा आपण रोगट पपईतून वर्षानुवर्षं खातच होतो. पटलं मला. मग एक आई उठली, कडेवर पोर, म्हणाली की असेलही सगळं सुरक्षित, पण माझ्या पोराच्या ताटात काय जायचं हे मला न विचारता कोण ठरवतं? तेही पटलं. दमायला होतं ते याने, ताई. एकजण जरी धडधडीत खोटं बोलला असता तरी मला जरा हुशारी आली असती.

चार वाजता माईकवरून पुकारलं, "ठरावाच्या बाजूने, म्हणजे जीएम पिकांच्या विरोधात, वॉलेस मियाशिरो." समोर रूफिनोचा चेहरा मी पाहिला. पिकलेली पपई हातातून फरशीवर पडते ना, तसा झाला. मी माईकपाशी जाऊन म्हटलं की रांग चुकली. लोक हसले. मग खिशातला कागद काढला, आणि पहिलं वाक्य वाचलं, आणि मला दिसलं की दहा ओळी खाली ते अफवेचं वाक्य आहे, आणि तिसऱ्या रांगेत रोवेना माझ्याकडे तोंड करून बसली आहे, मघाचाच आनंदी चेहरा घेऊन. मी कागदाची घडी घातली.

काय बोललो ते मला जसंच्या तसं आठवत नाही. म्हणालो, पानांवर आणि फळांवर रोगाची ती वलयं आली तेव्हा मी माझ्या हाताने सगळं शेत कापलं. बाराशे झाडं. शेवटच्या दिवशी कोयता खाली ठेवता येईना, बोटं उघडेनात, बायकोने एकेक करून सोडवली. मग हे नवं बी आलं आणि मी परत शेतकरी झालो. पंधरा वर्षं रोज सकाळी हीच पपई खातो. मध्येच मागून कुणीतरी ओरडलं, घरच्यांना विचारून खाऊ घालता का? मी म्हटलं, घरचेच मला खाऊ घालतात, आणि मला कुणी विचारत नाही. यावर उजवी बाजू खूश झाली, टाळ्या. तेवढ्यावर थांबलो असतो तर तुझा रविवारचा फोन आला नसता. पण मी पुढे म्हणालो, "आणि पराग जातात. शेजारणीकडे गेलेत. मधमाशीला माझा बांध कळत नाही. तिने मागितलं नव्हतं, आणि मी अजून तिला सॉरीसुद्धा म्हटलेलं नाही." आता डाव्या बाजूने टाळ्या. मी म्हणणार होतो की म्हणून माझी झाडं तोडा असं नव्हे, पण लाल दिवा लागला आणि माईक बंद झाला. माझ्या बोलण्यातला मुद्दा होता तो तेवढाच, आणि तो ऐकला फक्त टायपिस्टने.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. दमलेलं, भोळं तोंड. खाली 'पपई शेतकऱ्याची कबुली'. रूफिनोने बोलणं टाकलं. चाळीस वर्षांचा शेजार, आणि रस्त्यात समोरून आला तर ट्रकच्या आरशात बघतो. पॅकिंगच्या शेडमध्ये माझा नंबर शेवटी लागायला लागला, तोवर फळं मऊ. आणि शनिवारी सुनावणीतल्या अकरा मंडळींचा घोळका माझ्या शेतात आला, साखर, पीठ, अंडं यांतलं काही नसलेला केक घेऊन. (उरलं काय होतं ते कळलं नाही. कोंबड्यांनीही चोच लावून सोडला.) ते माझ्या झाडांभोवती हात धरून उभे राहिले, आणि त्यांच्यातला एक अगदी मायेने म्हणाला की अंकल, आता तोडायला आम्ही मदत करू. ताई, मला राग येत नाही हे तू नेहमी म्हणतेस. त्या दिवशी आला. मी म्हटलं, "मी एकदा तोडलीत. आता माझ्या शेतात कोयत्याला हात लावाल तर याद राखा." एलेनने दारातून टाळ्या वाजवल्या, एकटीने.

ते गेल्यावर रोवेना एकटीच मागे राहिली. तिने चिखलाचे हात पुढे केले. ती सातही झाडं तिने त्या सकाळी स्वतः उपटून टाकली होती, पुरुषभर उंचीची, फुलं धरलेली. बोटं तशीच, अर्धी मिटलेली. मी तिला पायरीवर बसवलं, एलेनने गरम पाणी आणलं, आणि मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं अंकल, तुम्ही रांग चुकला होता." मग आम्ही तिघांनी पपई कापली. कुणाच्या शेतातली ते कुणी विचारलं नाही.

ठराव अखेर झाला. असलेल्या पपईला सूट, नव्या पिकांना बंदी. दोन्ही बाजू सांगतात की आम्ही हरलो. मी आहे तिथेच आहे, नुसता दमलोय. भावजींना नमस्कार सांग, आणि बुफेच्या बाबतीत माझं नाव सांगू नकोस.

तुझा,
वॉलेस

ता.क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. तुझ्या अंगणातल्या त्या मोठ्या कुंडीत जी पपई आहे, थंडीत भावजी जी ढकलत गॅरेजमध्ये नेतात आणि शिव्या देतात, ती आईच्या न्हाणीमागच्या झाडाची आहे ना? जाताना तू बी रुमालात बांधून नेलं होतंस. इथे आता जुनं, निर्भेळ बी कुणाकडे आहे याची खात्री देता येत नाही. तुझ्या तिथे वाळवंट, शेजारी पपई नाही, म्हणजे तुझं शुद्ध राहिलं असणार. मला वीस बिया पाठव. दहा रोवेनाला. उरलेल्या दहा मला, मागच्या दारी लावायला. रोग लागून मरतील हे मला माहीत आहे. तरी पाठव.

ता.क. २. शेतीखात्याची काय परवानगी लागते ती काढायला मी अर्ज केलाय. पाकिटावर आत काय आहे ते मोठ्या अक्षरात, स्पष्ट लिही. लोकांना हेच हवंय, आणि या बाबतीत ते बरोबर आहेत.

ता.क. ३. वीस नको, तीस पाठव. हे पत्र बंद करत होतो तेवढ्यात रूफिनो मागच्या दाराने आला, चपला काढून. दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलला. जुन्या पपईची चव आठवते म्हणाला, आणि संघात कळता कामा नये. त्याच्या दहा बियांच्या पुडीवर काहीच लिहू नकोस असं त्याचं म्हणणं आहे.