मामांच्या उजव्या डोळ्यातलं धुकं

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार (निम्मा मामींना द्यावा, सगळा स्वतःकडे ठेवू नये). गुडघा कसा आहे? इथून गेल्यापासून तुम्हाला उजव्या डोळ्याने सकाळी धुकं दिसतं, दुपारी ते निवळतं, तरी अक्षरं बारीकच राहतात आणि मामींनी थेट मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवलंय, हे वाचून जीव खाली-वर झाला. पण त्याकडे नंतर वळते.

तुम्ही आलात तेव्हा माझं काम समजावलं होतं (तुम्ही घोरता घोरता ‘हं’ म्हणत होतात). अतिसूक्ष्म छिद्रांच्या काचेत द्रवस्फटिक, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या पडद्यात असतो तो पदार्थ, मुरवायचा. ही काच मानी आहे. गारठली की दुधाळ होते, ऊब मिळाली की नितळ. मंद प्रकाश सरळ जाऊ देते, प्रखर लेझर आला की त्याला आपणहून एका बिंदूत गोळा करते. तिच्या चकत्या आम्ही चौकातल्या चष्मेवाल्याकडून त्याच्याच मापात घासून घेतो आणि त्याच्याच डब्यांत ठेवतो.

परवा समितीपुढे प्रात्यक्षिक होतं. फसलं तर प्रकल्प बंद. मी ऐटीत डबी उघडली, चकती बसवली, लेझर सोडला. प्रकाश असा नेमका गोळा झाला की समोरचा कागद धुमसला. अध्यक्षबाई उठून उभ्या राहिल्या. मग त्यांनी प्रकाश कमी करायला सांगितला. तरी गोळा. आणखी कमी, तरी गोळा. शेवटी त्यांनी पर्समधला टॉर्च लावला, तरी चकती इमानेइतबारे गोळा करतेच आहे. माझे सर खिडकीबाहेर बघू लागले. मी मात्र ठणकावून सांगितलं की काच अपेक्षेपेक्षा उत्साही निघाली. बाईंनी चकती घेऊन औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचली.

“हे तर कुठलंही भिंग करतं,” त्या म्हणाल्या आणि एका आठवड्याची मुदत दिली. मला काळजी नाही. काच माझी अस्सल आहे.

तुमची भाची

ता. क. : तुमच्या चष्म्याची निखळलेली काच इथे डबीत ठेवली होतीत. जाताना टेबलावरच्या दोन डब्यांपैकी कुठली उचललीत? (घरी ती स्वतःच स्क्रू ड्रायव्हरने बसवलीत, हे मामींनी कळवलंय.)

ता. क. २ : ऑपरेशन रद्द करा, डोळा ठणठणीत आहे. चष्म्याची उजवी काच काढून कुरियरने पाठवा. तुमची माझ्याकडे आहे. समितीला फार आवडली.

ता. क. ३ : पाठवण्याआधी फक्त एक सकाळ अजून घाला आणि खोली किती तापल्यावर धुकं निवळतं ते लिहून कळवा. इतका दमदार नमुना आम्ही कधी नाकावर ठेवून पाहिला नव्हता. मामींना मात्र ऑपरेशन रद्द झाल्याचं दुपारीच सांगा, नाहीतर त्या सकाळीच काच काढून घेतील.