कोरड्या चादरी

४ जानेवारी

…त्या सकाळीही मी नेहमीसारखीच उठले होते. हौद भरला. भट्टी पेटवली. रंगीत कपडे वेगळे, पांढरे वेगळे, लॉजच्या चादरी वेगळ्या. नीळ कालवली. हात आपले चालले होते. चादरी पिळून टोपलीत टाकल्या आणि घरातले चार कपडे होते तेही त्याच पाण्यातून काढले. निथळत ठेवताना कॉलर हातात आली तेव्हा कळलं — ह्यांचा सदरा! आदल्या दिवशी अंगावर होता तोच. दवाखान्यातून पिशवीत घालून दिलेला.

इतरांकडे, गेलेल्या माणसाचा एखादा कपडा तरी तसाच राहतो. कपाट उघडून वास घेता येतो. आमच्याकडे फक्त साबणाचा वास.

वही नवी आणली. पहिल्या पानावर काय लिहावं सुचेना, तर हेच आलं. ऑक्टोबरात हे गेले, तेव्हापासून काही लिहिलं नव्हतं.

७ जानेवारी

चौकात मोठा फलक लागला. पाहुण्यांनी आमच्या गावी यावं म्हणून नगरपालिकेने लावलाय. न्हाव्याच्या दुकानासमोर गर्दी होती, मीही थांबले. फोटोत तळं आणि तळ्याकाठी आमचा माळ. दोरांवर चादरी, वाऱ्याने फुगलेल्या. आमच्याच. मागच्या उन्हाळ्यात एक फोटोवाला आला होता तेव्हाच्या. हे चादरीमागे उभे राहून टोकं खोवत होते. तो म्हणाला, काका, जरा पुढे या. ह्यांनी तिकडूनच उत्तर दिलं — "चादरीचाच काढ बाबा. आमच्या दोघांत गोरी तीच आहे."

नंतर त्याने फोटो दाखवला होता. चादरीखाली ह्यांचे पाय दिसत होते. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगठा वर उचललेला. ओल्या गवतात हे अंगठा तसाच धरायचे.

फलकावर पाय नाहीत. तिथे लॉजचा फोन नंबर छापलाय.

११ जानेवारी

मोठ्या चादरीची घडी एकटीने घालता येत नाही. मधली कड हनुवटीखाली धरते, दोन्ही हात लांबवते, तरी एक बाजू लोंबतेच. दोघं असताना दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, चालत समोर यायचं, माझी टोकं ह्यांच्या हातात द्यायची, वाकून दुमड उचलायची, पुन्हा समोर यायचं. भांडण झालं म्हणून चादरी काही थांबत नसत. अबोला धरायचा आणि घडीघडीला तोंडासमोर तोंड आणायचं — किती टिकणार तो अबोला? कुणीतरी हसायचंच. बहुतेक मीच.

आज सगळ्या घड्या वाकड्या झाल्या. तशाच लॉजवर दिल्या. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

१९ जानेवारी

भाऊजी आले होते. ह्यांचे धाकटे भाऊ. एवढं लॉज चालवतात, पण माझ्याकडे आले की अजून स्वयंपाकघरातच पाटावर बसतात. चहा संपेपर्यंत माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. तेव्हाच ओळखलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

माळावर गाड्या लावायची जागा करायचं चाललंय. फलक पाहून लोक येतात, गाडी उभी करायला जागा सापडत नाही, तळ्याला वळसा घालून निघून जातात. नगराध्यक्षबाईंना पटलंय. पुढच्या महिन्यात सभा आहे.

मी विचारलं, "आणि कपडे?"

"मशीन घेतोय, वहिनी. ओलं आत घातलं की कोरडं बाहेर. ऊन नको, वारा नको."

आणि मी नको, एवढं मात्र ते बोलले नाहीत.

वाईट माणूस नाही. दवाखान्यात भावाच्या उशाशी तेच बसून होते. लॉजच्या अर्ध्या खोल्या रिकाम्या राहतात हेही मला ठाऊक आहे. चादरी मीच धुते, माझ्यापासून काय लपणार? आणि जमीन आमची नाहीच, नगरपालिकेची. सासऱ्यांनी खुंट ठोकले तेव्हा तिथे कुणी शेळीसुद्धा बांधत नव्हतं.

२४ जानेवारी

मला माळाचं एवढं काय, असं शिंपीणबाईंनी विचारलं. गेली कितीतरी वर्षं आम्ही दुपारी एकत्र चहा पितो, तरी सांगता आलं नाही. इथे लिहिते.

आमच्याकडे चिमटे नसतात. दोन दोर एकमेकांत पिळून खुंटांना ताणायचे. कपड्याचं टोक त्या पिळात खोवायचं. वारा कितीही सुटू दे, कपडा सुटत नाही. पीळ घालायचं काम ह्यांचं. मी एक टोक धरून उभी राहायची, हे दुसऱ्या टोकाला दांडकं लावून पिळत जायचे. कुठे थांबायचं ते ह्यांच्या मनगटाला कळायचं. मी म्हणायची, बस झालं, तुटेल! हे म्हणायचे, "दोर माझं ऐकतो. बायकोपेक्षा बरा."

आता माळावर जे दोर आहेत त्यांचा पीळ ह्यांनी सप्टेंबरात घातलेला आहे. सदरा मी धुतला. ह्यांच्या हाताचं राहिलेलं असं ते एवढंच. सोडला की उलगडणार. तसा पुन्हा कुणाला घालता येणार नाही.

म्हणून माळ.

२ फेब्रुवारी

सभेला गेले. नगरपालिकेच्या त्या दालनात पंखा फार आवाज करतो, म्हणून सगळे ओरडून बोलतात आणि मग रागावल्यासारखे वाटतात.

चहावाला म्हणाला, गाड्या येऊ द्या, मी दिवसभर माशा मारतो, आता त्याही ओळखीच्या झाल्यात. हशा पिकला. न्हावी नेहमीसारखा आडवा. म्हणे, पाहुण्यांनी येऊन बघायचं काय? तळं बघायला वेळ तो किती, नंतर काय माझ्या आरशात बघत बसणार? सायकलवाला म्हणाला की मुलं सायकल त्याच माळाच्या कडेने शिकतात, उद्या गाड्यांखाली शिकतील. भाऊजींनी हिशोबात बोलायचं टाळलं, एवढंच म्हणाले की येत्या काही वर्षांत असंच राहिलं तर चौकात उघडी दुकानं कमी आणि कुलपं जास्त दिसतील.

मग शिंपीणबाई उठल्या. माझ्या शेजारीच बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझी दोन्ही मुलं पोटापाण्यासाठी लांब गेली. इथे काही चालणार असेल तर ती परत येतील. माळ ठेवून काय पुजायचाय?"

खोटं काय त्यात? मला राग येईना. आला असता तर सोपं गेलं असतं.

नगराध्यक्षबाईंनी मला विचारलं. आरशासमोर सगळं घोकून गेले होते. कपडे बांधून यायचे त्या वर्तमानपत्रांवर मी वाचायला शिकले, चार पुस्तकं वाचली, म्हटलं मुद्देसूद बोलू. उभी राहिले. तोंडातून एवढंच आलं — "दोर तरी राहू द्या."

लोकांना वाटलं सामानाची काळजी करते आहे. भाऊजींनी लगेच सांगून टाकलं, वहिनींचे दोर, खुंट, सगळं त्यांना घरी नेता येईल.

परतताना मी पुढे पुढे चालत राहिले. भाऊजी चिडून म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी गत आहे तुमची." आणि मग स्वतःच जीभ चावली. पीळ म्हणताच आपल्या दादाचा हात आठवला असणार. पुढे कोपऱ्यापर्यंत दोघंही खाली बघत चाललो.

३ फेब्रुवारी

दोर घरी नेता येतो. पीळ नेता येत नाही.

१३ फेब्रुवारी

माळावर एक जोडपं आलं. मोबाइलमध्ये फलकाचा फोटो. विचारलं, हे ठिकाण कुठे आहे? म्हटलं, तुम्ही त्यावरच उभे आहात. विश्वास बसेना त्यांचा. दोरावर आज न्हाव्याचे टॉवेल आणि चहावाल्याची फडकी होती. मुलगी हिरमुसली. मला म्हणाली, मावशी, पांढऱ्या चादरी कधी लावता?

"धुतल्या की."

"धुता कधी?"

"मळल्या की. लॉजवर राहा आज, उद्या लावते."

हसले दोघं. राहिले नाहीत. पण चौकात जाऊन बोलले असावेत, कारण संध्याकाळी भाऊजी विचारून गेले — काय म्हणत होते ते?

मनात जरा आशा धरली. खोटं कशाला लिहू.

२० फेब्रुवारी

आशा धरली तशी फळली!

नगराध्यक्षबाई स्वतः घरी आल्या, भाऊजींबरोबर. माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, लोक तो फोटो बघून येतात, तर ते दृश्य ठेवायलाच हवं. माळावर गाड्याच लागतील, पण तळ्याकडची कड तशीच ठेवणार. एक दोर राहील. नगरपालिका नव्या पांढऱ्या चादरी देणार. मी सकाळी लावायच्या, संध्याकाळी काढायच्या. दर महिन्याला पगार.

मी विचारलं, धुवायच्या कधी?

"धुवायच्या कशाला? स्वच्छच असतील. फक्त लावायच्या." बाई किती प्रेमाने बोलत होत्या. बाकी कपडे भाऊजींच्या मशीनमध्ये जातील. भट्टी, हौद, ओझी — या वयात कशाला?

भाऊजींचा चेहरा असा फुलला होता! बक्षीस आणल्यासारखा. मी आभार मानले. चहा केला. साखर घालायला विसरले, आणि दोघांनीही तो तसाच प्यायला.

२२ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती खुश. आई, घे की, नाहीतर इकडे ये माझ्याकडे. तिथे तू दिवसभर कोरड्या चादरींशी काय करणार, असं मात्र तिनेही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही नाही. तिला बिचारीला माझे हात सांभाळायचेत. थंडीत भेगा पडतात ते तिने लहानपणापासून पाहिलंय.

शेवटी म्हणाली, "बाबांना आवडलं असतं ना गं? सगळे त्यांच्या चादरी बघायला येतायत."

हो म्हटलं. तिला रडू येत होतं. मी रडत बसले तर तिचे डोळे कोण पुसणार?

१ मार्च

आज रंगीत तालीम. नव्या फलकासाठी तोच फोटोवाला बोलावलेला. नगराध्यक्षबाईंनी कोऱ्या चादरी आणल्या, अजून कारखान्याच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. मी टोकं पिळात खोवली, नेहमीसारखी. बाजूला सरकते तोच वाऱ्याची झुळूक आली आणि एक गेली. मग दुसरी. तिसरी तर तरंगत तळ्यात! चहावाला विजार वर करून धावला. बाई हसता हसता खाली बसल्या. मीही हसले, कितीतरी दिवसांनी.

मग एकदम लक्षात आलं. ओल्या कपड्याच्या भाराने पीळ ताणून घट्ट बसतो, टोक धरून ठेवतो. कोऱ्या चादरीला भार कुठला? एवढा जन्म यात गेला आणि मला आधी सुचलं नाही. सुचणार कसं — कोरडी चादर दोरावर कधी घातलीच नव्हती.

हे म्हणायचे, दोराला ओझं लागतं, नाहीतर पीळ सैल पडतो. मला वाटायचं, सकाळी अंथरुणातून उठवायला म्हणतात.

तळ्यातली चादर मी पिळून लावली. ती एकटीच टिकली.

२ मार्च

दुपारी माळावर भाऊजी भेटले. मजूर बाकीचे खुंट उपटत होते. तळ्याकडचा एक दोर तेवढा राहिलाय. नगरपालिकेने नायलॉनची दोरी आणि रंगीत चिमटे मागवले होते. भाऊजींनी ती दोरी परत पाठवली म्हणे.

बराच वेळ दोराला हात लावून उभे होते. मग म्हणाले, "दादाने घातलेला आहे ना हा? लहानपणी मी टोक धरायचो. हात सुटला की टपली बसायची." पिळावरून अंगठा फिरवत पुढे — "हा कुणी काढणार नाही, वहिनी. मी सांगून ठेवलंय. वरून चिमटे लावू. सभेत तुम्ही हेच म्हणत होता ना? मला उशिरा कळलं."

कळलं त्यांना. मी पाठीवरून हात फिरवला त्यांच्या, ह्यांच्या पाठीवरून फिरवायची तसा. आणि घरी आले.

मागितलं ते सगळं मिळालं. माळाची कड, दोर, पीळ. आता मी रोज सकाळी जायचं. कोरड्या चादरी चिमट्याने लावायच्या, आणि तो पीळ रोज थोडा थोडा सैल पडताना बघायचा. पाहुणे फोटो काढतील. चादरीखाली माझे पाय दिसतील. तिथे कुणाचा तरी नंबर छापतील.

३ मार्च

सकाळी माळावर गेले. रोज सैल पडताना बघण्यापेक्षा दोर मीच सोडला. भाऊजी मजुरांजवळ उभे होते, त्यांनी येऊन दुसरं टोक धरलं, लहानपणी धरायचे तसं. पीळ आपोआप उलगडत गेला, मग थांबला. दोन साधे दोर झाले.

घरी आले. भट्टी पेटवली नाही.