कापडाची कात्री

प्रिय ताई,

परवा मावशी येऊन गेली. तुझा निरोप तिच्या पोटात असा खदखदत होता की चपला काढायच्या आधीच, दारात उभ्या उभ्या तिनं तो सांगून टाकला. तुझ्या मनात आता काही राहिलेलं नाही म्हणे. राग गेला, तू सगळं विसरलीस, आणि आईला भेटायला यायचं म्हणतेस. तिच्यापुढे शांतपणे बसून झालं गेलं मिटवून टाकायचं म्हणतेस. ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. तुम्हा दोघींच्या मधे इतकी वर्षं चेंबलेली मी, याचीच तर वाट बघत होते. पण खरं सांगू? मला जरा रागच आला. विसरायचं काम इकडे एकजण करतेय, ताई, तेवढं पुरे आहे. फोन केला असता, पण तू नुसती हं हं करत राहिली असतीस आणि मी रडले असते. म्हणून लिहायला बसलेय.

आई छान आहे. जेवते, झोपते, खिडकीत बसून समोरच्या बसस्टॉपवरची माणसं बघते, कुणी आलं की हसते. भेटायला येणारा प्रत्येकजण जाताना जिन्यात माझा हात दाबून सांगतो, किती गोड झाल्यात हो तुमच्या आई! वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर आठवतात ना? त्यांच्या पँटची लांबी दोनदा कमी-जास्त करून आई वैतागली आणि तिसऱ्यांदा, 'आता पँट राहू द्या, पायच वाढवून या' म्हणून तिनं त्यांना परत पाठवलं होतं. ते हल्ली तिच्याजवळ बसून वर्तमानपत्र वाचून दाखवतात आणि ती मान डोलावते. ते म्हणतात, वय झालं की स्वभाव निवळतो, गाळ खाली बसतो. मी 'हो ना' म्हणते. दुसरं काय म्हणणार? तू तोफ आणि मी गोगलगाय, ही नावं आईनंच तर ठेवली होती.

तुला आठवतं, बाहेरच्या खोलीतल्या आपल्या शिवणाच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की ती कशी बोलायची? या, बसा, पाणी घेता का? आवाजात नुसती साखर. दुसऱ्या खेपेला साखर जरा कमी. आणि तिसऱ्या खेपेला माप घेता घेता, 'पोट आत ओढू नका हो, कपडा तुम्हालाच घालायचाय, श्वास कोंडून किती वेळ राहणार?' असं खणखणीत ऐकवलं की आपण दोघी मशीनवर मान खाली घालून हसायचो. गिऱ्हाईक पक्कं झालेलं असायचं. परक्यांशी ती गोडच बोलायची. मीटर बघायला येणारा, बँकेतला साहेब, नवा भाडेकरू, सगळ्यांशी. भांडायची ती फक्त आपल्या माणसांशी. बाबा होते तोवर त्यांच्याशी भांडली, ते गेल्यावर त्यांच्या फोटोशी भांडली. एखाद्या भेटीत भांडण झालं नाही तर मावशी काळजीनं विचारायची, हिला बरंबिरं नाही का? जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, असं मावशी म्हणायची आणि म्हणताना तिच्या तोंडावर काय कौतुक असायचं!

आणि सगळ्यांत जास्त भांडली ती तुझ्याशी. मला तुझा हेवा वाटायचा, आज सांगून टाकते. माझी टीप वाकडी गेली तर ती न बोलता उसवून माझ्यापुढे टाकायची. तुझी गेली की दुकान डोक्यावर घ्यायची. तूही काही कमी नव्हतीस, शब्दाला शब्द तयार. समोरचा घड्याळवाला गिऱ्हाइकाला म्हणायचा, लागला बघा रेडिओ. बहुतेक वेळा वादाचं मूळ म्हणजे ती मोठी कात्री. कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, धार मरते, हे तिनं आपल्याला बाराखडीच्या आधी शिकवलं होतं. आणि तू वह्यांना घालायचे कागद नेमके त्याच कात्रीनं कापायचीस. आई आत भांडी घासत असली तरी त्या खडखडाटातून तिला तो आवाज बरोबर ऐकू यायचा. 'तोफे, कागदाला लावू नकोस! कापडाची आहे ती!' एवढं ओरडून पुन्हा भांडी घासायला लागायची.

शेवटच्या दिवशीचं सगळं उगाळत नाही. तुला स्वतःचं दुकान काढायचं होतं. ती म्हणाली, तुझ्या हाताला वळण नाही, बेतायला निघालीस तर चांगल्या कापडाची चिंधी करशील. वाईट बोलली ती, मला तेव्हाही वाटलं होतं. तू टेबलावरचे तिचे कागदी फर्मे ओढलेस, जन्मभर ज्यांच्यावरून ती कापड बेतत आली ते फर्मे, आणि तिच्यासमोर, तिच्याच कात्रीनं, एकेक उभा कापत गेलीस. मग कात्री पिशवीत टाकलीस आणि जिना उतरलीस. आई ओरडली नाही त्या दिवशी. शटर अर्धं ओढून कागदाचे तुकडे झाडत बसली.

पुढचं तुला माहीत नसेल. तिनं दुसरी मोठी कात्री घेतलीच नाही. मी आणते म्हटलं तर अंगावर आली. छोट्या कात्रीनंच बेतत राहिली, अंगठ्याला घट्टा पडला, आणि कापड जरा कुठे तिरकं गेलं की तुझा उद्धार. माझी कात्री नेली त्या तोफेनं! रोज, ताई, एक दिवस सुटला नाही. जुन्या गिऱ्हाइकांना ते पाठ झालं होतं, काहीजण तर तिच्या आधीच म्हणायचे. तू निघून गेलीस असं मला कधी वाटलंच नाही, इतकी तू दुकानात हजर असायचीस.

मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की तुझं नाव निघालेलं नाही. आज नाही, काल नाही, शेवटचं कधी निघालं ते आठवेना. चाव्या हरवणं, दूध उतू जाणं, तेच तेच विचारणं हे त्याआधीच सुरू झालं होतं. त्याची मला एवढी भीती वाटली नव्हती, वयाबरोबर होतं असं म्हणून मी सोडून देत होते. पण त्या दिवशी तिनं एका कोटाचं कापड चांगलं हातभर तिरकं कापलं, थोडा वेळ बघितलं, आणि नीट घडी घालून बाजूला ठेवून दिलं. तोफेचा उद्धार नाही की काही नाही. मी जिन्यात जाऊन बसले.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाल्या, मेंदू आक्रसत चाललाय, आठवणी जातील, आणि कधी कधी स्वभावही बदलतो. काहीजण संशय घेतात, मारायला धावतात. तुमच्या आई शांत झाल्यात, नशीब समजा. आणि ताई, मी, ही गोगलगाय, खुर्चीतून उठून त्यांना म्हणाले, 'असलं नशीब तुमच्या आईला लाभू दे, मग बोलू आपण!' बाहेर बसलेली माणसं दार ढकलून आत डोकावली. त्या बिचारीचा काय दोष? दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. पण तेव्हापासून हे वाढतच चाललंय. भाजीवाल्याशी वजनावरून, बस न थांबवणाऱ्या ड्रायव्हरशी, बिलाच्या रांगेत मधे घुसणाऱ्याशी. परवा दुकानातल्या कारागिरावर ओरडले आणि माझी मीच दचकले, कारण तो आवाज आईचा होता. इतकी वर्षं माझ्यात कुठे दडी मारून बसला होता देव जाणे. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते काही खोटं नाही.

मी एकदा काय केलं, ऐक. एका उशीच्या अभ्र्याला मुद्दाम नागमोडी टीप घातली, लहान पोरालाही लाज वाटावी अशी, आणि तो आईच्या मांडीवर नेऊन टाकला. तिनं उलटा करून बघितला. टिपेवरून बोट फिरवत नेलं. बोट बरोबर वाकड्या जागी थांबलं. म्हटलं आता ओरडेल, आता अभ्रा तोंडावर फेकेल. तिनं वर बघितलं, हसली आणि म्हणाली, 'छान शिवलंय हो. कुठं शिकलात तुम्ही?' तुम्ही म्हणाली गं मला. आवाजात तीच साखर होती, पहिल्या खेपेच्या गिऱ्हाइकाची. सगळं जग म्हणतं ती गोड झाली. ती माझ्याशी गोड का बोलते, हे फक्त मला कळतं, आणि तुला कळेल. मावशीची ती म्हण मला आता ऐकवत नाही. खोड तर गेली, आणि आई खिडकीत बसून हसतेय. म्हणजे काय समजायचं आम्ही?

तुझंही मावशीनं फार कौतुक केलं. तू सकाळी डोळे मिटून बसतेस, हळू बोलतेस, वाद निघाला की पेलाभर पाणी पिऊन दुसऱ्या खोलीत जातेस. तुझा लेक म्हणतो म्हणे, आई आता आडव्या घुसणाऱ्या मोटारवाल्यालासुद्धा काही बोलत नाही, आम्हालाच चुकल्यासारखं होतं. चांगलंच आहे, रक्तदाब तरी उतरला असेल. माणसानं जन्मभर चिडत राहावं असं थोडंच आहे? पण मनात आलं, तोफही थंड झाली असेल तर मी आता जाऊ कुणाकडे?

कारण गेल्या आठवड्यात एक झालं. अस्तराच्या कापडाचं पार्सल आलं होतं, खाकी कागदात बांधलेलं. मी घाईत होते, हाताशी कापडाची ती छोटी कात्री होती, तीच कागदात घातली आणि सरळ ओढली. तेवढ्यात आतून आवाज आला, 'तोफे! कागदाला लावू नकोस! कापडाची आहे ती!' आईचा आवाज, ताई. तिचा खरा आवाज. मी धावत आत गेले. ती पलंगावर ताठ बसली होती, कपाळाला आठ्या, डोळे कसे लखलखत होते! मला इतका आनंद झाला की मी वेड्यासारखी बोलून गेले, आई, अगं ताई नाही, मी आहे. तिनं माझ्याकडे बघितलं. एकेक आठी उतरत गेली. मग ती जरा सरकली आणि म्हणाली, 'हो का? बसा ना.' त्यानंतर मी घरातला प्रत्येक कागद कापला. वर्तमानपत्रं, पाकिटं, जुनी कॅलेंडरं. ती खिडकीतून वळूनसुद्धा बघत नाही. मला वाटतं, माझ्या हातात तो आवाजच नाही. त्या दिवशी घाईत चुकून निघाला असेल. एरवी मी कागदही असा हळूच कापते, जसं काही त्याला दुखेल.

म्हणून हे पत्र. ये, आणि लवकर ये, असे क्षण आता कमी कमी होत जाणार आहेत. पण माफ करायला येऊ नकोस. पुढ्यात बसून मऊ मऊ बोललीस तर ती तुलाही पाणी विचारेल, तुलाही तुम्ही म्हणेल, आणि ते तुला सोसणार नाही. मला माहीत आहे, ती कात्री तू टाकून दिलेली नाहीस. ती घेऊन ये. बेल वाजवू नकोस, मी दार उघडं ठेवीन. बाहेरच्या खोलीत टेबलावर खाकी कागद पसरून ठेवीन. तिला दिसणार नाहीस अशी उभी राहा आणि काप. तू कापायचीस तसा, एका दमात, कुणाच्या बापाला न भिता. ती ओरडली तर तूही ओरड. फर्मे काढ, चिंधी काढ, हाताचं वळण काढ, काही म्हणून मनात ठेवू नकोस. आईला एकदा भांडताना ऐकायचंय मला. आणि नाहीच ओरडली, सगळा कागद संपेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली, तर कात्री खाली ठेव आणि माझ्याकडे वळ. मग आपण दोघी भांडू. तिच्यासमोर, मोठ्यानं, समोरचा घड्याळवाला बाहेर येईपर्यंत. मला आता येतं.

तुझीच,
गोगलगाय