भावंडांचा रकाना

धाकट्या,

ताईचा आशीर्वाद, आणि आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. काल जांघेतल्या शिरेतून बारीक तारा थेट हृदयात घातल्या, मुद्दाम ठोके बिघडवले आणि गडबड जिथून सुरू होते ती जागा जाळली. मग सहा तास पाय न हलवता पडून राहायचं! जेवतानाही चारदा उठणारी मी. नर्स दोनदा ओरडली.

आई गोळ्या वेळेवर घेते ना? तुझ्या बसची पाळी पहाटेचीच आहे का अजून?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार हृदयाच्या स्नायूचाच, घराण्यातून आलेला. एक जागा जाळली, तरी उद्या दुसरी उठू शकते. बाबा चालता-बोलता गेले, ते बहुधा यानंच. आपण आपलं म्हणत राहिलो, दगदग झाली.

मग त्यांनी माझा फॉर्म काढला. भावंडांच्या रकान्यात 'नाहीत' लिहिलेलं. हो, मीच लिहिलं होतं. भावंडांनाही तपासतात असं ऐकलं होतं; तुझ्यात काही निघालं तर तुझं स्टिअरिंग सुटेल, नोकरी जाईल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पेन मागितलं, ते खोडलं आणि तुझा पत्ता लिहिला. फोनवर हे सांगणं मला जमलं नसतं.

तपासणीचं बोलावणं येईल. जा. रागव, महिनाभर बोलू नकोस, पण जा. आणि तोवर बसमध्ये बसायचंच असेल, तर मागच्या सीटवर बस.

इतके दिवस कागदावर एकुलती असलेली,
तुझी ताई